एक नंबरच्या सुया

२ जून, सोमवार

सुया आल्या नाहीत.

रोजचंच काम होतं. गरम द्रावण सकाळी काचेच्या बशीत ओतलं, वर झाकण ठेवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळातून सुया उभ्या राहतात — पांढऱ्या, लांब, केसासारख्या बारीक. मी इथे लागल्यापासून एकदाही चुकल्या नाहीत. आज झाकणातून बघितलं तर तळाशी जाडं मीठ सांडल्यासारखे दाणे. चौकोनी. ठेंगणे.

पायलताईला बोलावलं. ती मॅडमकडे पीएच.डी. करते. बशी बघून तिने मलाच विचारलं, "काय टाकलंस यात?" काहीही टाकलं नव्हतं. मी वजन दोनदा करतो, बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचतो. सगळे त्यावर हसतात. आज कोणी हसलं नाही.

नईमा मॅडम आल्या. बशी खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरून उभ्या राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "फेकू नका. झाकून ठेवा."

घरी येताना राजकमल चौकात सायकल थांबवली. वाटलं, प्रयोगशाळेतलं कपाट उघडंच राहिलं. सदऱ्यावरून हात लावून बघितला — किल्ली जानव्याला होती. खुशालराव शिपायांनी मागच्या वर्षी ती एकदा हरवली, तेव्हापासून मी ती जानव्यालाच बांधतो. बाबा तिजोरीची बांधतात तशी.

३ जून

भांडी आम्लाने धुतली. नवी बशी. नवं झाकण. द्रावण पायलताईने स्वतः केलं.

दाणे.

५ जून, गुरुवार

एक्स-रेचा निकाल आला. पायलताईने मला कागदावर चित्र काढून समजावलं. बी.एस्सी. मी दुसऱ्या वर्षाला सोडली — प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हात इतके कापायचे की परीक्षकच म्हणाले, बाळ, बस खाली. पण हे कळलं.

रेणू तेच आहेत. बसायची रीत बदलली. सुयांमध्ये ते असे उभे राहतात की मधे खोल्या मोकळ्या राहतात. पाण्यातलं फ्लोराईड त्या खोल्यांत जाऊन अडकतं. त्यासाठीच ही पूड फिल्टरमध्ये भरायची. पाण्यात विरघळत नाही हा तिचा दुसरा गुण — कितीही धुवा, जाग्यावर राहते. नव्या दाण्यांत तेच रेणू एकमेकांना घट्ट खेटून बसलेत. खोल्या बुजल्या.

"मग पाणी साफ होणार नाही?"

"ही पूड टाक नाही तर वाळू टाक," पायलताई म्हणाली.

सुयांना आता एक नंबर म्हणायचं, दाण्यांना दोन नंबर. चिठ्ठ्या मी लिहिल्या. 'दोन नंबर'चं अक्षर वाकडं आलं. फाडून पुन्हा लिहिली.

९ जून, सोमवार

मॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं.

दोन नंबरची घडण जास्त भक्कम आहे. ती एकदा जन्माला आली की तिचा डोळ्यांना न दिसणारा एक कण पुरतो. द्रावणात तो पडला की बाकीचे रेणू त्याच्यासारखेच बसायला लागतात. मग एक नंबर त्या खोलीत पुन्हा होत नाही. कण हवेत असतो, बाहीवर असतो, केसांत असतो. परदेशात एका औषधाचं असं झालं होतं. जिथे जिथे ती माणसं गेली तिथे तिथे चांगलं औषध बिघडत गेलं.

खुशालराव दाराशी उभे राहून ऐकत होते. "म्हंजे नजर लागल्यावानीच झालं न, मॅडम?"

मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "तसंच समजा, खुशालराव. फक्त ही उतरवता येत नाही."

चहाच्या वेळी मी विचारलं, पहिला कण आला कुठून? त्या म्हणाल्या, "कुठून येत नाही. केव्हातरी होतोच. आपण इतकी वर्षं सुटलो." मग उगीचच बोलत राहिल्या. एवढं कधी बोलत नाहीत. अकोल्याला त्यांच्या अब्बांची खडीसाखरेची भट्टी होती. पाकात सुताचे दोरे सोडून ठेवायचे. साखर कढईला धरायची नाही, दोऱ्यावर येऊन बसायची. "मी लहानपणी विचारायची, दोऱ्यावरच काहून? अब्बा म्हणायचे, तिलेबी धराले काहीतरी लागते. त्या एका 'काहून'मागे माझी सगळी नोकरी गेली बघा."

अकोला, अमरावती, मग पुणे, मग जर्मनी. तिथली चांगली जागा सोडून परत आल्या तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. त्यांच्या आईचं माहेर पूर्णा नदीकाठचं. तिथे तिशीतली माणसं गुडघ्यावर हात टेकून चालतात, पोरांच्या दातांवर तपकिरी रेघा. ते पाणी साफ करणारं क्रिस्टल हवं होतं. नऊ वर्षं काहीच हाती आलं नाही. मग एका सकाळी बशीत सुया.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतात.

११ जून

कपाटातली जुनी बाटली काढली. एक नंबरची, मागच्या दिवाळीतली. सुया चमकत नव्हत्या. दुधाळ. हातावर थोड्या घेतल्या, बोटांत भुगा झाला. त्याही दोन नंबर होत चालल्यात.

बाटली आत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली आत सारली, मग हात धुतले. आधी किल्ली, मग हात — माझा नियमच आहे तो. हात धुवायला गेलो आणि कपाट उघडं राहिलं तर?

ही बाटली माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

१५ जून, रविवार

घरी बाबांचा नियम आहे, प्रयोगशाळेतून आलास की आधी अंघोळ, मग देवघराकडे जायचं. "काय काय शिवून येतोस कुणास ठाऊक." आता प्रयोगशाळेत मॅडमचा नियम आहे, घरून आलात की आधी हातपाय, मग आत. आई हसून म्हणाली, "दोन्हीकडे तू ओवळाच."

मला हसू आलं नाही. नखं पुन्हा कापली.

२० जून, शुक्रवार

बाहेर बातमी फुटली. चेन्नईच्या एका प्रयोगशाळेने कळवलं की मॅडमच्या पेपरप्रमाणे करून बघितलं, सुया होत नाहीत. त्यांना मेअखेर नमुना आपणच पाठवला होता. पार्सल मी बांधलं होतं.

पायलताई म्हणाली, लोक आता विचारतायत की सुया कधी होत्या तरी का. "कुणी थेट म्हणत नाही रे. पण विचारायची पद्धत असते ना एक."

प्रकल्पाला पैसे देणारी समिती येणार. तिच्यासमोर एक नंबर करून दाखवायचं. जमलं तर पूर्णाकाठच्या गावांत फिल्टर बसणार. नाही जमलं तर प्रकल्प बंद, पेपर मागे घ्यायचा, आणि मॅडमनी खोटं छापलं असा अर्थ लागणार. तसं कुणी लिहिणार नाही. लागणार.

२४ जून, मंगळवार

अकोल्यात सुया आल्या!

साजिद तिथे एका कॉलेजात शिकवतो. मॅडमचा जुना विद्यार्थी. दोन वर्षांत इकडे फिरकलेला नाही, म्हणून त्याची खोली अजून स्वच्छ आहे. सामान त्याने परस्पर नागपूरहून मागवलं. त्याने फोनवर फोटो पाठवला — बशीभर सुया, उभ्या, चमकणाऱ्या. मॅडमनी फोन हातात घेतला, दिला, परत मागितला.

मग कडक आवाजात म्हणाल्या, "इथलं कोणीही त्या खोलीत जाणार नाही. वही नाही, पेन नाही, डबा नाही. मीसुद्धा नाही."

३० जून

मॅडम शनिवारी आईला भेटायला अकोल्याला गेल्या होत्या. आज स्वतःच सांगितलं. कॉलेजसमोर रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. साजिदने वरच्या खिडकीतून बाटली दाखवली. बंद खिडकीतून.

"इतक्या लांबून काय दिसलं?" मी विचारलं.

"बाटली दिसली."

७ जुलै, सोमवार

मूर्तिजापूरजवळच्या शाळेतून पौर्णिमाबाईंचा फोन. त्या तिथल्या मुख्याध्यापिका. आपला पहिला फिल्टर त्यांच्या शाळेत दोन वर्षांपासून चालू आहे. पाणी तपासलं तर फ्लोराईड विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त आलं. जास्त!

पायलताई जाऊन आली. फिल्टरमधली पूड पूर्ण दोन नंबर झालीय. खोल्या बुजताना आतलं धरून ठेवलेलं सगळं पाण्यात सोडून दिलं. दोन वर्षांचं. पोरं तेच पीत होती. किती दिवसांपासून ते कुणालाच सांगता येत नाही. तोटीला आता पोतं बांधलंय. पौर्णिमाबाई तिला म्हणाल्या, "एक पोरगी मला विचारते, बाई, ह्या पान्यानं तं दात पांढरे होनार होते न?"

त्या शाळेत फिल्टर उघडून पूड धुवायला मेअखेर मी गेलो होतो.

पार्सल मी बांधलं. बाटली मी उघडतो. शाळेत मी गेलो. हे मी कुणाला बोललो नाही, पण पायलताईने आज माझ्या हातांकडे बघितलं.

१२ जुलै, शनिवार

समितीचं कळलं. २९ तारखेला अकोल्यात साजिदच्या खोलीत करून दाखवायला त्यांची हरकत नाही. पण करणारा माणूस मूळ प्रयोगशाळेतला हवा. साजिदने एकट्याने केलेलं धरणार नाहीत.

मॅडम जाऊ शकत नाहीत, दाण्यांच्या बशा रोज त्याच हाताळतात. पायलताईने दोन नंबर खलात कुटलंय, एक्स-रेसाठी. राहिलो मी.

मी म्हणालो, मला नका पाठवू. शाळेचं सांगितलं. पार्सलचं सांगितलं.

"ते माझ्याही लक्षात आलंय," मॅडम म्हणाल्या. "पण आपण सगळेच सगळीकडे गेलो होतो, स्वानंद. तुमच्याइतका स्वच्छ राहणारा माणूस माझ्या बघण्यात नाही. इथलं सगळं टाकून द्या. कपडे, चपला, केस. दोन आठवडे इकडे येऊ नका. मग जा."

केस म्हणताना त्या थोड्या अडखळल्या.

१४ जुलै, सोमवार

प्रयोगशाळेतला शेवटचा दिवस. किल्ली मॅडमना द्यायची होती. सदऱ्याची वरची दोन बटणं काढली, जानवं बाहेर ओढलं. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. किल्ली टेबलावर ठेवली. मॅडम बघत होत्या.

"स्वानंद —"

मी थांबलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काही नाही. जपून जा."

१५ जुलै, मंगळवार

डोकं केलं. मिशीसुद्धा. न्हाव्याने पाणी लावता लावता विचारलं, "कोन गेलं, भाऊ?" मी म्हणालो, कुणी नाही. त्याचा वस्तरा थांबला. "वडील हायेत न?" हो म्हणालो. त्याने बाकीचं भराभर उरकलं. पैसे हातात घेतले नाहीत, खुर्चीवर ठेवायला लावले.

घरी आई दारातच रडायला लागली. बाबा पूजेवरून आले, मला बघितलं आणि उंबऱ्यातच थांबले.

"मी अजून आहे रे," म्हणाले.

समजावलं. कण, केस, समिती, पाणी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते भिक्षुकी करतात, लोकांचं ऐकून घ्यायची सवय आहे. मग म्हणाले, "त्या बाईंनी सांगितलं म्हणून तू बाप जिवंत असताना डोकं केलंस." त्यानंतर बोलले नाहीत. जेवले वेगळे.

कपड्यांचं गाठोडं, चपला, घड्याळाचा पट्टा — सगळं महापालिकेच्या गाडीत टाकलं. नवीन कपडे अंगावर. आता चांदूर रेल्वेला अनसूया आत्याकडे. तिथे मला कुणी काही विचारणार नाही, आत्याला ऐकूच कमी येतं.

१९ जुलै

आत्याकडे विहिरीवर अंघोळ. सकाळ-संध्याकाळ, साबण लावून, डोक्यापासून. आत्या मोठ्याने म्हणते, "घासून घासून बापाचा रंग काढून टाकशील!"

हात स्वच्छ आहेत. तरी वास आल्यासारखं वाटतं. दोन नंबरला वास नसतो.

२८ जुलै, सोमवार

काल अकोल्याला आलो. साजिदने मला बाहेरच्या खोलीतच थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "टकल्यात लय भारी दिसून राहिला बे, पंडित." नवा ॲप्रन, नव्या चपला, डोक्याला प्लास्टिकची टोपी. "घरचं सगळं काढ, हे घाल." आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून उभा राहिला. मी म्हणालो, बघितलंस तरी चालेल. "नाई बाबा, तुमचं सोवळं-बिवळं असते."

"सगळं बदललं?"

"सगळं."

आज सकाळी करून बघितलं. साजिदने ओतलं, मी झाकण ठेवलं आणि लांब उभा राहिलो.

सुया आल्या. जून लागल्यापासून पहिल्यांदा मी सुया बघितल्या. आधी एक, तळाच्या मधोमध, मग तिच्या अंगाला दुसरी. मला रडू आलं, साजिदने पाठीवर जोरात मारली. मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, "दिसल्या."

उद्या ओतायचंही मलाच आहे.

२९ जुलै, मंगळवार

लिहितो आहे कारण झोपून राहवत नाही. दुपार आहे. साजिदच्या घरी, माडीवर.

समितीत तिघे. दोघे दिल्लीचे, एक मुंबईचे पाटणकर म्हणून. साजिदने फोन उभा करून ठेवला होता, त्यात मॅडम. पांढरी ओढणी. मागे आपली प्रयोगशाळा, रिकामी.

मी वजन केलं. दोनदा. हात कापले नाहीत. द्रावण गरम केलं, नितळ झालं, बशीत ओतलं. तळाला बुडबुडा राहिला का ते बघायला वाकलो. जानवं गळ्यातून पुढे लोंबलं, ते आत सारलं, पुन्हा वाकलो. बुडबुडा नव्हता. झाकण ठेवलं. सगळे भोवती जमले.

मधोमध पहिली सुई आली. पाटणकर म्हणाले, "अरे वा." मॅडमचा आवाज आला, "आल्या?" मी म्हणालो, आल्या मॅडम. भराभर येत होत्या. दिल्लीच्या एकाने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली.

मग माझ्या बाजूच्या कडेला काहीतरी चमकलं.

एक दाणा. चौकोनी.

मी कुणाला दाखवला नाही. वाटलं, मला एकट्यालाच दिसतो आहे तर कदाचित तो नसेलच. त्याच्या भोवतीचं द्रावण नितळ होत गेलं. जवळच्या सुया टोकाकडून आखूड व्हायला लागल्या, जशा मेणबत्त्या. आखूड झाल्या, नाहीशा झाल्या, आणि तिथे दुसरा दाणा. तिसरा. आमच्या डोळ्यांदेखत ते कडेकडून मध्याकडे सरकत गेलं. साजिदने माझा दंड धरला होता, तो दुखत होता.

"काय दिसतंय?" मॅडम विचारत होत्या. "स्वानंद? साजिद? काय दिसतंय?"

शेवटी साजिदने फोन उचलून बशीवर धरला.

पाटणकर फोनकडे बघून म्हणाले, अगदी नम्रपणे, "डॉक्टर, या सुया तुमच्या लोकांखेरीज कधी कुणी हातात घेतल्यात का?"

"आत्ता तुम्ही बघितल्यात," मॅडम म्हणाल्या.

"हो. मिनिटभर."

३० जुलै

साजिदने राखून ठेवलेली बाटली आज उघडली. वरचा थर दुधाळ. बाटली हातात धरून तो खुर्चीत बसला.

"आता कुठंच नाही बे," म्हणाला. "साऱ्या दुनियेत कुठंच नाही."

मग मला म्हणाला, "तू कावून रडून राहिला? तुह्या हातानं थोडी झालं." ते तो खरंच मनापासून म्हणाला. मला जेवायला बसवलं. त्याच्या बायकोने, रुबीनाभाभींनी, माझ्यासाठी वेगळ्या नव्या पातेल्यात वरण केलं होतं. मी मागितलं नव्हतं. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, आम्हाले माहीत असते."

४ ऑगस्ट, सोमवार

अमरावती. प्रयोगशाळेला कुलूप. आत जायला कुणी मनाई केलेली नाही, पण कुणी जात नाही. पेपर मागे घेण्याचं पत्र मॅडमनी पाठवलं. पायलताई दुसरा विषय शोधते आहे. खुशालराव व्हरांड्यात बसून असतात. मला म्हणाले, "मॅडम येते, खोलीसमोर उभी राह्यते, चालली जाते."

शाळेच्या तोटीचं पोतं अजून तसंच आहे म्हणे. पोरं पुन्हा विहिरीचं पितात.

बाबा आज बोलले. "केस येतायत," एवढंच.

९ ऑगस्ट, शनिवार

श्रावणी. बाबांबरोबर नवं जानवं घातलं. आधी नवं घालायचं, मग जुनं काढायचं, म्हणजे अंग एक क्षणही मोकळं राहत नाही. मुंज झाल्यापासून असंच चाललंय. अंगावर ते आहे हे लक्षातसुद्धा राहत नाही, जसं आपल्याला कान आहेत हे लक्षात राहत नाही.

जुनं उतरवून पाटावर ठेवलं. ऊन पडलं होतं त्यावर. एका ठिकाणी दोरा ताठ दिसला. हात लावला. किल्ली बांधायचो ती जागा. गाठ सोडली तरी वळ राहिला होता, आणि त्या वळात पांढरं साचलेलं. अंघोळीने जाणार कसं? पाण्यात विरघळत नाही.

नखाने थोडं निघालं. भिंगाखाली धरलं. भिंगाची गरज नव्हती.

डोकं केलं. मिशी काढली. बाप जिवंत असताना. चपला टाकल्या. घड्याळाचा पट्टा टाकला. आणि हे गळ्यात घालून अकोल्याला गेलो, आणि बशीवर वाकलो. सगळं बदललं? सगळं. मी खोटं बोललो नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

चेन्नईचं पार्सल. शाळा. आधी किल्ली, मग हात.

बाबा म्हणाले, "जुनं दे इकडे, नदीत सोडायचंय." मी म्हणालो, सोडलं. प्लास्टिकच्या पुडीत बांधून खिशात ठेवलं आहे. नदीत कसं सोडू? कुठेच कसं सोडू?

सोमवारी मॅडमना सांगायचं. काय शब्द वापरायचे ते तीनदा लिहून खोडले.

११ ऑगस्ट, सोमवार

मॅडमच्या घरी गेलो. चहा आला. मी खिशात हात घातला तेवढ्यात त्याच बोलल्या. "किल्ली सोडत होतात त्या दिवशी मला तो दोरा दिसला होता, स्वानंद. लक्षातही आलं होतं. पण तुमच्या वडिलांचा विचार आला. नईमाने माझ्या मुलाचं जानवं उतरवलं, असं त्यांना वाटलं असतं. मी ते कशी बोलणार होते?"

पुडी मी खिशातच ठेवली.

मग विचारलं त्यांनी, "सांगितलं असतं तर काढलं असतंत?"

मी हो म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला अजून माहीत नाही.